यासीनचाचांचा अर्धवट होमरन

यासीनचाचा उद्या आखात सोडून कायमचे रत्नागिरीला निघणार, म्हणून रिफातल्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण होतं. बिर्याणीआधी टीममधल्या प्रशांतने माइकवर बेसबॉलचं क्विझ काढलं. "शेवटच्या मॅचमध्ये होमरन मारूनही आउट कोण झालं?"

"यासीनचाचा!" सगळा हॉल खिदळला.

चाचांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी हाणलेला तो चेंडू थेट मैदानापलीकडच्या झल्लाकच्या रिसॉर्टात एका साहेबाच्या सुपात पडला होता! पण जन्म गेला क्रिकेटमध्ये. सिक्सर मारल्यावर धावतो कोण? चारही बेसना पाय लावायचे सोडून चाचा बॅट उंचावत, सगळ्यांशी हात मिळवत मैदानाबाहेर आले, आणि अंपायरने त्यांना आउट दिलं.

"इतकी वर्षं तुमच्याबरोबर क्रिकेट खेळलो, आणि तुम्ही एवढंच लक्षात ठेवणार?" चाचा कडाडले.

"चाचा, खलास! नियम म्हणजे नियम," प्रशांत माइकवरून म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

खुर्ची उडवून चाचा धावत सुटले. हॉलच्या तीन कोपऱ्यांना एकेक लाथ घातली, वाटेत रायत्याचं पातेलं आडवं केलं, आणि चौथी लाथ प्रशांतच्या टेबलाला हाणली.

"यल्ला, चल, आता विचार परत!"

प्रशांतने तोंडावर उडालेलं रायतं पुसलं. "शेवटच्या मॅचमध्ये... होमरन कुणी मारला?"