तिसरी पायरी

“काका, साऱ्या गल्लीनं हव म्हटलं. तुमचंच घोडं कुठं अडून राहिलं, ते तर सांगा!”

विनायक हे हसत हसतच बोलला, पण त्याच्या व्हरांड्यात जमलेल्यांपैकी दुसरं कुणी हसलं नाही. देवीदासनं चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. चहा केव्हाच संपला होता.

“मी रोडले नाही कुठं म्हणून राहिलो?” तो म्हणाला. “आधी खोदा. गल्ली खाली घ्या, मंग टाका सिमेंट.”

“अन् खोदाईचे पैसे कोण देईन? ठेकेदार म्हणते, खालचा भरावाचा स्लॅग गोट्यावानी झाला. तो फोडाले रोडापेक्षा जास्त खर्च येते.”

“तरी खोदा.”

“देना नहीं है तो सीधे बोल दो ना, अंकल,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

झालं! देवीदास ताडकन उठला, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात अडकवली आणि तसाच फरफटत घरी निघाला. पैसे वाचवतो म्हणे! ज्या माणसानं या गल्लीसाठी राबताना कधी कुणाकडे पाण्याचा ग्लासही मागितला नाही, त्याला हे ऐकवायचं. त्याची कानशिलं तापली होती आणि घरी पोचेपर्यंत ती निवली नाहीत.

गल्ली तशी कुणाचीच नव्हती. शेताचे तुकडे पाडून विकणारा प्लॉटवाला पैसे घेऊन मोकळा झाला होता. रस्ता खाजगी, तेव्हा सरकारी यादीत तो नाही. करायचा तर आपापसात वर्गणी काढून करा. राज्य नवीन झालं, रायपूरची राजधानी झाली, चौकाचौकांत कारंजी उडायला लागली, पण या गल्लीत पावसाळ्यात स्कूटर ढकलतच न्यावी लागे. मंत्रालयात नोकरीला असलेला विनायक जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातलं वडिलांचं घर सोडून इथे राहायला आला आणि त्यानं हे काम अंगावर घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर देवीदासला बरं पडलं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

“सांगतलं का त्याईले?” दारातच त्याच्या बायकोनं, अंजनाबाईनं विचारलं. ती नेहमीच्या जागी बसली होती, दारापुढच्या पायरीवर, दुखरे गुडघे लांब सोडून.

“काय सांगू?”

“जे आहे थेच. तीन पायऱ्या होत्या म्हणून सांगाचं.”

“अन् बाकीच्या दोन कोणं गाडल्या, ते तू सांगशीन का?”

अंजनाबाई गुडघा चोळू लागली. तेच तर दुखणं होतं.

रिटायर होईपर्यंत देवीदास रायपूरजवळ सिलतऱ्याला एका स्टील प्लांटच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक ट्रक त्याच्या काट्यावरून जायचा, म्हणून झाडून सारे ड्रायव्हर त्याला ओळखायचे. गल्लीत पहिलं घर त्यानं बांधलं तेव्हा चहूकडे धानाची शेतं होती. तीन पायऱ्या चढून घरात जावं लागे. लोक विचारत, भाऊ, एवढं उंच काहून बांधलं? देवीदास छाती काढून म्हणे, पाणी कधी घरात येऊ नये म्हणून.

मग एकेक घर झालं. गल्लीत चिखल व्हायला लागला. देवीदासनं एका ड्रायव्हरला शब्द टाकला, आणि भट्टीतून निघणाऱ्या काळ्या दगडी स्लॅगची एक गाडी गल्लीत येऊन पडली. प्लांटला तो टाकायला जागा नव्हती, गल्लीला भराव हवा होता. फुकटचं काम! मग दरवर्षी मृग लागायच्या आधी एक गाडी येऊ लागली. रविवारी लुंगी खोचून देवीदास स्वतः फावड्यानं ढीग पसरवी, आणि सारी गल्ली त्याची वाहवा करी. त्या वाहवेची त्याला चटक लागली होती, खोटं कशाला बोला. पहिली पायरी बुडाली तेव्हा अंजनाबाई म्हणाली होती, “अहो, पायरी गेली.” तो म्हणाला होता, “जाऊ दे ना बाप्पा. आपल्याले एक पायरी कमी चढा लागते.” दुसरी बुडाली तेव्हा ती काही बोललीच नाही.

नंतर आलेल्यांनी आपली घरं या नव्या भरावाच्या हिशेबानं उंच बांधली. आता वर वीतभर सिमेंट पडलं की तिसरी पायरीही जाणार, रस्ता उंबऱ्याला भिडणार आणि गल्लीचं सगळं पाणी सरळ देवीदासच्या घरात. आणि हे त्यानं आपल्याच हातांनी करून ठेवलं होतं! चारचौघांत हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कंजूष म्हटलेलं परवडलं.

पुण्याहून यशदीपचा फोन आला. “पापा, दे दो ना, क्या फर्क पड़ता है? मैं भेज देता हूँ।”

“पैशाची गोष्ट नाही बेटा.”

“तो क्या बात है?”

लेकाला मराठी सगळी समजे, पण बापाच्या मनातलं समजेल असं देवीदासला वाटेना. त्यानं जेवलास का विचारलं आणि फोन अंजनाबाईकडे दिला.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विनायक फाटकाशी आला. “काका, शेवटचं विचारून राहिलो. लोक म्हणते, ज्यानं नाही दिले त्याच्या घरापुढं सोडून द्या. मले ते बरं नाही वाटत.”

“सोडून दे,” देवीदास म्हणाला.

आणि खरोखरच सोडलं. दोन्हीकडून पांढराशुभ्र सिमेंटचा रस्ता आला आणि देवीदासच्या घरापुढे दोन्ही बाजूंनी कापल्यासारखा थांबला. मध्ये त्याच्या घराच्या रुंदीएवढा खोलगट काळा पट्टा राहिला. रस्त्यावरून येणारं पाणी त्या पट्ट्यात उतरून कडेच्या नालीत जाईल अशी सोय त्यानं कुदळीनं करून ठेवली. पायरी वाचली, घर वाचलं. जिंकलाच म्हणायचा तो.

पण जिंकलेल्या माणसाला चैन पडत नव्हतं. गाडी आली की पट्ट्यात धप्प करून उतरे आणि पलीकडे गुरगुरत चढे. दर धप्पला देवीदास दचकून मान वर करी. पेपर वाचताना तेच, जेवताना तेच. धप्प झालं की तो खिडकीशी जाऊन पाही, कुणी पडलं तर नाही? मग परत येऊन बसे, की पुन्हा धप्प. “तुमाले भोवरा लागला का पायाले?” अंजनाबाई कावली. “बसा एका जागी!”

बुद्धपौर्णिमा आली. दरवर्षी त्या दिवशी अंजनाबाई खिरीचं मोठं पातेलं घेऊन पायरीवर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खीर वाढी; गल्लीतली पोट्टी तर वाट्या घेऊन सकाळपासूनच उभी असत. यंदाही ती बसली. लोक आले, पट्ट्यापाशी वाहनं जपून उतरवली, समोर पाहत निघून गेले. एकटी वनमाला थांबली. गल्लीच्या शेवटच्या घरात राहणारी ही दवाखान्यातली नर्स. रस्त्याची वर्गणी सर्वात आधी तिनंच दिली होती, कारण भर पावसातही तिला ड्युटी चुकत नसे.

“मावशी, दोन वाट्या द्या. एक नेते दवाखान्यात,” ती म्हणाली. अंजनाबाईनं तिला डबाभर दिली. उरलेली खीर देवीदासनं आणि तिनं दोन दिवस खाल्ली. ती गोड लागेना, पण टाकवेना.

त्या आठवड्यातच एका सकाळी धप्पऐवजी वेगळाच आवाज आला. देवीदास धावला. वनमालाची स्कूटी पट्ट्यात आडवी झाली होती, चाक फिरत होतं, डबा उघडून भाजी काळ्या स्लॅगवर सांडली होती. वनमाला बसूनच कोपर पाहत होती. कोपराचं सालपट निघालं होतं.

“पोरी! लागलं का वं फार?”

“नाही काका, काही नाही. माह्यंच ध्यान नव्हतं,” ती म्हणाली आणि उलट त्यालाच धीर दिल्यासारखी हसली.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर तो उभ्यानं भांडला असता. त्या हसण्यापुढे त्याला उभं राहवेना. त्यानं स्कूटी उचलून दिली, डब्याचं झाकण शोधून दिलं आणि घरात येऊन कितीतरी वेळ मोरीतच हात धूत राहिला. लाज वाटली त्याला, अगदी मनातून वाटली.

“भरतो,” तो बाहेर येऊन म्हणाला.

अंजनाबाईला काय ते विचारावं लागलं नाही. “पाणी?”

“उंबऱ्यावर दोन विटा चढवू. येईन तं येईन.”

सिलतऱ्याच्या एका जुन्या ड्रायव्हरला त्यानं फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरापुढे स्लॅगची गाडी रिकामी झाली, तशीच काळी, तशीच खडखडत. देवीदासनं लुंगी खोचली. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, पण फावडं ओळखीचं होतं.

आवाज ऐकून विनायक धावत आला. “काका, काय करून राहिले? राहू द्या. आम्ही टाकतो ना सिमेंट, पैशाचं नंतर पाहू.”

“मी सिमेंट मांगलं का तुले? खड्डा भरून राहिलो फक्त. वनमाला पडली काल.”

विनायक ओशाळला. तो इकडेतिकडे पाहू लागला, तेव्हा त्याची नजर पायरीवर गेली. कोपरे झिजून गोल झालेली, बसून बसून मधे गुळगुळीत झालेली. पायरीच्या खाली, स्लॅगच्या काठाशी, आणखी एक दगडी कड डोकावत होती.

“काका, ही खाली अजून आहे का पायरी?”

“तीन होत्या,” देवीदास म्हणाला. “बाकी मीच गाडल्या.” एवढंच. इतके महिने दाबून ठेवलेलं ते असं फटकन निघून गेलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

विनायकनं वाकून ती दगडी कड पाहिली. मग त्यानं पॅन्ट खालून दुमडली आणि दुसरं फावडं घेतलं. दोघं भरू लागले. पट्टा भरत भरत पायरीपर्यंत आला. देवीदासनं घमेलं भरून उचललं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“जरा थांबा. मले एकडाव बसू द्या.”

अंजनाबाई चहाची कपबशी घेऊन आली होती. भिंतीला धरून, एकेक गुडघा सांभाळत ती पायरीवर टेकली. बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि घाई न करता प्यायली. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. देवीदास भरलेलं घमेलं कमरेवर धरून उभा होता. हात भरून आले तरी त्यानं ते खाली ठेवलं नाही. विनायकही फावडं टेकून उभा राहिला.

“हं,” ती बशी कपाखाली ठेवत म्हणाली, “टाका आता,” आणि उठायला हात वर केला.

देवीदासनं घमेलं खाली ठेवून तिला उठवलं आणि उंबऱ्याच्या आत पोचवलं. सकाळपासून उडालेली काळी धूळ साऱ्या पायरीवर बसली होती. अंजनाबाई जिथे टेकली होती तेवढी जागा मात्र स्वच्छ होती. त्यानं ते घमेलं तिथंच रिकामं केलं.