मातीतून वर काढलेलं परळ

मित्रांनो, मला तोंड आहे, पण वाचा नाही. मी एक जुनं मातीचं परळ आहे. परळ म्हणजे पसरट, उथळ भांडं. पूर्वी कोंबड्यांना पाणी ठेवायला दारोदार असायचं. माझ्या काठाला एक तडा आहे. तो कसा पडला, तेवढं आज ऐकून घ्या.

मी हातकणंगल्याच्या एका कुंभाराच्या घरचं. चाकावर फिरलं, उन्हात वाळलं, आव्यात भाजलं. बाहेर काढल्यावर कुंभारणीनं मला बोटानं दोनदा वाजवलं आणि म्हणाली, "खणखणीत हाय!" ते माझं पहिलं कौतुक. तो आवाज ध्यानात असू द्या.

बाजारातून मला सोनूबाईनं आणलं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, डोंगर वळतो तिथल्या खोलगट तुकड्यात तिचं घर आहे. थंडीत डोंगरावरची गार हवा उतरते आणि तिथेच साचून राहते, ताटाच्या मध्यात आमटी साचावी तशी. पुष्कळ वर्षं मी कोंबड्यांची तहान भागवली. मग प्लास्टिकचं भांडं आलं आणि मी गोठ्यामागं उपडं पडलं. पाठीवर शेवाळ आणि पोटात अंधार घेऊन पडून राहिलं.

मला सुलटं केलं ते अतुलनं. अतुल म्हणजे सोनूबाईचा धाकटा लेक, टेम्पो चालवायचा. शहरातलं एक पाळीव प्राण्यांचं दुकान बंद पडलं, तिथून तो फेरेटची जोडी घेऊन आला. लांबट अंग, आखूड पाय, वाटोळे कान. फिकट होती ती चांदी, काळ्या तोंडाची ती मैना. गावानं त्यांना नाव दिलं, विलायती मुंगसं.

"काय वास मारतोय रं!" थोरला भाऊसो नाकाला टॉवेल लावून म्हणाला. "घरात आणायची न्हाईत ही."

"न्हाय आणत की. भाईर ऱ्हातील," अतुल म्हणाला. "पर तूबी जरा लांबनं जात जा दादा, त्यास्नी तुझा वास सोसत न्हाय."

सोनूबाई पदर तोंडाला लावून हसली. त्या घरातलं ते हसू मला अजून आठवतं.

गोठ्याला लागून जाळीचं मोठं खुराडं झालं. झोपायला एका कोपऱ्यात पेटी, बाकी वर मोकळं आभाळ. अतुलनं खड्डा खणला आणि मला काठापर्यंत मातीत बसवलं. पाठीला ओली, जिवंत माती लागली. मित्रांनो, वरून धरणी कितीही गार दिसो, आत ऊब असते. ती ऊब माझ्या पाठीतून पाण्यात चढायची. पहाटे अतुल चुलीवरचं कोमट पाणी ओतायचा आणि हातातल्या पितळी कड्यानं माझा काठ वाजवायचा. टण् टण्. तो आवाज ऐकला की दोघी पेटीतून वळवळत यायच्या आणि लपलप पाणी प्यायच्या.

पावसाळा सरता सरता गगनबावड्याच्या घाटात दाट धुकं पडलं. त्या धुक्यातून अतुलचा टेम्पो परत आलाच नाही. रानाच्या कडेला, बांधाशी, त्यांच्या घरच्या रिवाजानं त्याला पुरलं, मूठमाती दिली.

त्यानंतर सोनूबाईला मातीत पुरलेलं काही बघवेना. एका सांजेला ती खुराड्यात आली, माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी मला उपसून वर काढलं.

"गारठ्यात पुरून ठेवलाय ह्येला," ती पुटपुटली. "सोसंल काय ह्येला?"

खड्डा माती लोटून बुजवला आणि त्यावर, नव्या वासराला करतात तसं, तिनं मला उसाच्या पाल्याचं जाडजूड अंथरूण केलं. किती मायेनं! पण त्या पाल्यानं माझी पाठ धरणीपासून तोडली. खालची ऊब खाली राहिली आणि वरचं निरभ्र आभाळ माझ्यातली धुगधुगी रात्रभर शोषत राहिलं. मला कळत होतं. सांगू कसं?

त्यात यंदा थंडीची लाट आली. वारा नाही, ढग नाही. चांदण्या जणू जाळीला टेकलेल्या. अन् एका पहाटे माझ्या पोटात काहीतरी टोकदार हललं. पाणी थिजत होतं. सुईसारख्या रेघा काठाकडून मध्याकडे सरकल्या, एकमेकींना भिडल्या, आणि माझ्यावर पांढरं, आंधळं झाकण बसलं.

सोनूबाईची सून, भाऊसोची बायको प्रीती तांब्या घेऊन आली आणि जागीच थबकली.

"आत्या! अवं आत्या, हिकडं या! पाणी दगड झालंय!"

सोनूबाईनं वाकून बघितलं. बर्फावर रेघाच रेघा होत्या, तळहातावर असतात तशा. शेजारच्या पिंपात मात्र पाणी नुसतं गार होतं, हलत होतं. गोठलं होतं ते फक्त माझ्यातलं.

तिनं दगडानं बर्फ फोडला, कोमट पाणी ओतलं. चांदी-मैना जवळ येईनात. लांब मागच्या पायांवर उभ्या राहून एकटक बघत राहिल्या. माझ्याकडे नव्हे, माझ्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे. अतुल उकिडवा बसायचा तिथं.

दुसऱ्या पहाटेही तेच. तिसऱ्या पहाटे बर्फानं मला आतून रेटलं आणि माझ्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला, कुंईऽऽ. तो माझ्या तड्याचा आवाज होता, मित्रांनो. घरातल्यांना तो वेगळाच वाटला. म्हशीनं खुंटा ताणला. भाऊसो दारात आला, पण उंबरा ओलांडेना.

उजाडल्यावर शेजारचे हंबीरराव बघायला आले. बर्फाचा तुकडा बोटात धरून म्हणाले, "आयला, गाड्यावरचा गोळाबी इतका घट्ट बसत न्हाय!" मग हसू गिळून आवाज उतरवला. "भाऊसो, माझं ऐक. ही जनावरं कुणालातरी बघत्यात. जो गेला त्येची वाट बघत्यात, आनि तो येतोय. लांब सोडून ये ह्यास्नी."

"हंबीरराव, आमच्या घरात भुतंखेतं कुणी मानत न्हाय," प्रीती म्हणाली.

"तुमी मानत न्हाय वो. पर ते तुमास्नी मानतंय का, ते बघा."

त्या दिवशी चांदी पेटीतून उठलीच नाही. दोन दिवस तिच्या तोंडात पाणी नव्हतं. डोळे मिटलेले, नाक कोरडं. सोनूबाईनं बोट भिजवून तिच्या ओठांना लावलं.

"आये, उद्या सकाळी पोत्यात घालून उसात सोडतो," भाऊसो म्हणाला. "मला राती डोळा लागंना झालाय."

"उसात कुत्री हाईत, भाऊसो."

"मग मी काय करू?"

"अतुलचं जितं काय उरलंय सांग माझ्याजवळ?" सोनूबाईचा आवाज माझ्यासारखाच तडकला. "कपडे धुतलं, त्येंचा वासबी गेला. ह्या दोघीच हाईत. ह्यास्नी हाक मारली की वाटतं, तोबी ऐकतोय."

भाऊसो पाठ फिरवून घराकडं गेला. पण पोतं त्यानं दारामागं टांगून ठेवलं.

अंधार पडला. मी माझ्या अंथरुणावर थिजायची वाट बघत होतं. इतक्यात मैना पेटीतून उतरली. चांदीला थंडी वाजत असावी, म्हणून म्हणा, किंवा फेरेटची चोरटी जातच ती, म्हणून म्हणा, तिनं माझ्याखालचा पाला ओढायला सुरुवात केली. तोंडात धरायची आणि उलट्या पावली पेटीत न्यायची. पाला संपला तशी ती उकरायला लागली, अतुलनं खणलेल्याच जागी. भुसभुशीत माती भराभर उडाली. मी कललं, घसरलं, आणि अलगद माझ्या जुन्या खड्ड्यात जाऊन बसलं.

पाठीला माती लागली. काय सांगू तुम्हाला! आईच्या कुशीत परत गेल्यासारखं झालं.

फटफटताना सगळे आले. भाऊसोच्या दोन्ही हातांत पोतं, प्रीतीच्या दोन्ही हातांत वाफाळता हंडा. सोनूबाई पुढं झाली, वाकली आणि तिनं बोट बुडवलं. पाणी हललं.

"न्हाय गोठलं," ती म्हणाली. मग माझ्या कडेनं तिनं हात खाली मातीत घातला आणि तसाच ठेवला. बराच वेळ.

"आये, काय झालं?"

"भाऊसो, हात घाल हितं. माती ऊन हाय रं." तिच्या गालावरून पाणी ओघळलं. "मीच उपसलं हुतं ह्येला. मला वाटलं, आत गारठा आसंल. माझं लेकरू गारठ्यात हाय आसं वाटायचं मला, रोज. आत गार न्हाय रं. आत ऊब हाय."

तिथेच बसून तिनं दोन्ही हातांनी माझ्या काठाशी माती लोटली, थोपटली, बाळाला थोपटावं तशी. थोपटताना तिच्या तोंडून आपसूक आलं,

"काळी माती माझी बाई, वरनं गार गं दिसती,
पोटामंदी घेतल्याला जीव पदरानं झाकती."

मग प्रीती पाणी ओतू लागली. अन् तेवढ्यात माझा काठ वाजला.

टण् टण्.

भाऊसोच्या हातांत पोतं होतं, प्रीतीच्या हातांत हंडा. सोनूबाईचे दोन्ही हात मातीत. कुणी कुणाकडे बघेना. पाण्याची धार हवेतच थरथरली.

पेटीत पाला सळसळला. आधी मैना आली. तिच्यामागून, लटपटत, चांदी.

"ओत गं प्रीते," सोनूबाई हळूच म्हणाली. "थांबू नगंस. तानलेल्या हाईत त्या."

भाऊसोनं पोतं खाली ठेवलं. आता रोज सांजेला ते माझ्यावर अर्धं अंथरतो, आभाळानं ऊब नेऊ नये म्हणून.

तडा माझ्या काठालाच आहे, त्यामुळं पाणी अजून धरतं. एवढंच मागणं, मित्रांनो. थंडीत दाराबाहेरच्या मुक्या जिवांसाठी पाणी ठेवाल, तेव्हा भांडं गवतावर, पाल्यावर ठेवू नका. मातीत बसवा, थोडं झाका, पहाटे कोमट पाणी घाला आणि काठ वाजवून त्यांना हाक मारा. आणि कधी तुम्ही न वाजवताच काठ वाजला, तर भिऊ नका. फक्त पाण्याची धार तोडू नका.