नात्याचा रकाना

दोन जुन्या तुरुंगांपैकी एक बंद करायचा होता, आणि कुठला ते ठरवायचा नियम मी बनवला होता. जिथे कैद्यांना भेटायला घरची माणसं जास्त येतात, तो ठेवायचा. शेजारीपाजारी, मित्र मोजायचे नाहीत. बैठकीत साहेबांनी तोंडभर कौतुक केलं आणि मी मूर्ख दिवसभर हवेत होते.

त्यातल्या जवळच्या तुरुंगात माझा धाकटा भाऊ आहे. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दर गुरुवारी दोन बस बदलून, गुडघ्यांना पट्टे बांधून त्याला भेटायला जातात. त्यांच्यासारखे शेकडो असतील, या भरवशावर मी निर्धास्त होते.

आकडे आले. भावाचा तुरुंग एकतीस भेटींनी मागे पडला. फाइलवर सह्या झाल्या. तिथले कैदी आता नऊ तासांवरच्या दुसऱ्या तुरुंगात जाणार.

मला काही पटेना. भेटीच्या नोंदवह्या मागवल्या आणि भावाची पानं काढली. वर्षभरात बावन्न भेटी, सगळ्या अण्णांच्या थरथरत्या अक्षरात. नात्याच्या रकान्यात बावन्न वेळा एकच शब्द होता: शेजारी.

चार वर्षांपूर्वी मला बढती मिळाली, तेव्हा मीच त्यांना दम भरला होता. "अण्णा, तिथे नातंबितं लिहू नका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." पुढे मी ते साफ विसरले. ते विसरले नाहीत.

लाज बाजूला ठेवून साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, वहीत आहे ते आहे. आणि नियम तुमचाच ना?"

घरी अण्णा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनाही सांगितलं. चिडतील, चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं. सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

"नऊ तास," ते पुटपुटले. "मला नाही गं झेपायचं." तेलाची बाटली त्यांनी नीट बंद केली. "म्हणजे हा गुरुवार शेवटचा."

मी मान हलवली. वर बघायची हिंमत नव्हती.

"तुझ्या ऑफिसात आता कळलंच आहे," ते अगदी हळू म्हणाले, परवानगी मागावी तसे. "मग या खेपेला वडील म्हणून लिहू?"