पडण्यात पटाईत डावा पाय

मित्रांनो, मी एका जुन्या विमानाचा डावा पाय आहे. नाक मुरडू नका! पंखांचे फोटो सगळे काढतात, माझा कोणी काढत नाही. पण जमिनीवर सगळा डोलारा मी आणि माझा उजवा भाऊच पेलतो. नाकाखालचा पाय आमचे शेंडेफळ. काम थोडे आणि तोरा फार.

कारखान्यात मला पोलादातून घडवले आणि माझ्या पोटात तेल व वायू भरला. विमान टेकले की तो दणका मी मुकाट गिळतो आणि प्रवासी टाळ्या वाजवतात वैमानिकासाठी. असो.

माझी देखभाल करणारा मेकॅनिक सांधा दिसला की ग्रीस चोपडतो, म्हणून त्याचे नावच पडले चोपड्या. "चाकं पुसणाऱ्याच्या घरी लेक दिली," असे त्याच्या सासूबाई चारचौघांत म्हणत. ते त्याला फार लागायचे.

एकदा त्या लेकीकडे यायला निघाल्या, त्या नेमक्या माझ्याच विमानाने. आम्ही त्यांना आणायला उडण्याआधी चोपड्याने माझा एकेक सांधा पुसला, ग्रीस भरले आणि मला दम दिला, "आज लाज राख रे बाबा!"

परत येताना उतरायची वेळ झाली आणि विमानाच्या पोटात दुमडून बसलेल्या आम्हाला खाली ढकलणारे यंत्रच रुसले. वैमानिक बाईंनी न घाबरता राखीव कडी ओढली. ती ओढली की आमचे हूक सुटतात आणि आम्ही नुसत्या वजनाने खाली पडतो. पडायला अक्कल लागत नाही हो. पडून ताठ उभे राहायला मात्र सांधे साफ लागतात. मी अडकलो असतो, तर विमान कुशीवर घासत गेले असते. मला फार भीती वाटली. पण मी पडलो, सरळ झालो आणि खट्कन कुलूप बसले. भाऊही उभे राहिले. मग धप्प! आम्ही धावपट्टीवर सुखरूप टेकलो.

दार उघडले. सासूबाई सगळ्यांत पुढे. चोपड्या धावत आला, तो थेट माझ्याकडे!

"जावईबापू, मी इकडे आहे!"

"आई, जरा थांबा, आधी याला बघतो!"

"जीव मुठीत धरून आले मी, आणि हे चाकाची विचारपूस करतायत!"

चोपड्याने माझ्या सांध्यात लाल फितीची पिन घातली आणि मगच वर पाहिले. "यंत्रात जोर नाही, आई. पिन नसती, तर तुम्ही उतरताना कुलूप सुटून हा दुमडला असता."

सासूबाई शिडी उतरून आल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"याला पुसतं कोण?"

"मीच."

त्यांनी पर्समधून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि जावयाच्या नाकावरचे ग्रीस पुसले. "माझी लेक चांगल्या घरी पडली," त्या म्हणाल्या आणि रुमाल त्याच्याच हातात ठेवला. चोपड्याचे डोळे भरून आले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. लवकरच माझ्या जागी नवा पाय येईल. तुम्ही टाळ्या खुशाल वैमानिकाला वाजवा. पण उतरल्यावर एकदा खाली वाकून आम्हालाही बघा आणि आम्हाला पुसणाऱ्यालाही.

आणि हो, तो पांढरा रुमाल हल्ली माझ्याच सांध्यांवरून फिरतो. सासूबाईंना सांगू नका.