रिकाम्या खोक्यांची आरास

गावातल्या औषधाच्या दुकानात मावशी अशा थाटात बसायची, की रोगानेही तिला विचारूनच गावात शिरावं. मागच्या फळ्या खोक्यांनी खच्चून भरलेल्या. त्यातली निम्मी रिकामी होती, पण ते फक्त तिला आणि भिंतीवरच्या पालींना ठाऊक. रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईक शहराची वाट धरतं, म्हणून औषध संपलं तरी ती खोकं टाकायची नाही. पुसून पुन्हा जागेवर मांडायची. धंद्यात एवढी लबाडी चालते, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

पूर्वी ती शहरातून पिशवीत औषधं आणायची. आता एका कंपनीची गाडी खेडोपाडी माल पोचवू लागली होती. दुकानदाराने दर आठवड्याला फळ्यांचा फोटो फोनवरून पाठवायचा. काय कमी आहे ते बघून ऑफिसातली मुलगी तेवढं गाडीत चढवणार. फोटो म्हटल्यावर मावशीने खोकी अशी नटवली, की जणू त्यांचंच लग्न होतं.

गाडी आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आपलं दुकान त्यांना गबाळं वाटलं, असं मावशीने डोक्यात घेतलं. माळ्यावरची जुनी खोकी उतरवून तिने फळ्या छताला भिडवल्या आणि नवा फोटो धाडला. उत्तर आलं, "छान! भरपूर माल आहे की!" मावशीने ते गल्लीभर मिरवलं.

शेजारच्या नणंदेला तर दोनदा दाखवलं. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"एवढं दुकान, पण माझा खोकला काही जात नाही," नणंद म्हणाली.

"वन्सं, औषध खोकल्यावर असतं, स्वभावावर नाही."

दुसऱ्याच दिवशी नणंद तान्ह्या नातवाला कवटाळून धावत आली. सकाळपासून जुलाब, डोळे खोल गेलेले.

"वहिनी, ती पाण्यात कालवायची पुडी दे. लवकर!"

मावशीने एक खोकं काढलं, ठेवलं. दुसरं काढलं. तेही रिकामंच. नणंदेने तिसरं हिसकावून हलवलं, मग चौथं, आणि मग बाईने अख्खी फळीच ओढली. खोकी पडली, पण आवाज काही झाला नाही. दारातली माणसं बघतच राहिली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोक्यांचं दुकान आहे होय तुझं?" नणंद रडायलाच लागली.

"शिव्या नंतर द्या, वन्सं. आधी घरून साखर, मीठ आणि उकळून गार केलेलं पाणी आणा. धावा!"

मावशीने साखर-मीठ मोजून पाण्यात विरघळवलं आणि चमच्या-चमच्याने पोराच्या तोंडात घालत राहिली. दोघी त्या पसाऱ्यातच फतकल मारून बसल्या होत्या. संध्याकाळी पोराने मावशीच्या मांडीवर भसाभसा मुतलं. दोघी हसल्या, आणि हसता हसता मावशीला रडू फुटलं. अंगात पाणी टिकलं होतं.

मग तिने उघड्या फळ्यांचा फोटो पाठवला. लगेच फोन वाजला.

"मावशी, दुकानात चोरी झाली का?" ऑफिसातली मुलगी घाबरली होती.

"नाही गं. दुकान आजच उघडलंय."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. माल फळीवर लावायला नणंद न बोलावता हजर झाली. प्रत्येक खोकं ती आधी कानाशी धरून हलवायची, मगच मावशीच्या हातात द्यायची. मावशीने तिला एकदाही हटकलं नाही.