सर्व्हरच्या खोलीतली डबी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर जेवणाचा डबा समजून उघडायला जाल. उघडू नका, आत खायला काही नाही. मी एक जुनी, काळी, पत्र्याची डबी आहे. पाठीवर तारा खोचायच्या खाचा आणि पुढे एक हिरवा दिवा, एवढेच माझे रूप. पण एके काळी चार सर्व्हरांचे डोळे आणि हात मीच होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. एका बाईने माझे स्क्रू पिळले, दिवा लागतो का ते पाहिले आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. तिथल्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर चार सर्व्हर रात्रंदिवस घुमत बसलेले असत. सर्व्हर म्हणजे मोठे संगणक. सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट त्यांच्याच पोटात. त्यातला एक बिघडला की माणसाला खोलीत जाऊन, त्याला स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस जोडून, कुडकुडत बसावे लागे. कुडकुडत, कारण सर्व्हरांना गारवा लागतो आणि त्यांचे लाड फार.

माझे काम हे बसणे वाचवण्याचे. सर्व्हरच्या स्क्रीनवर जे उमटेल ते मी तारेतून दूरच्या माणसाला दाखवायचे. त्या माणसाने तिकडे कळ दाबली की मी ती इकडे सर्व्हरवर दाबायची. मग ते माणूस शेजारच्या टेबलावर असो की स्वतःच्या घरी.

मला आणले ते ताईने. प्रयोगशाळेत सगळे तिला सर्व्हरवाल्या ताई म्हणत. तिच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईला हल्ली काही आठवत नसे, कधी कधी समोरची मुलगीही ओळखू येत नसे. दुपार झाली की ती दारात येऊन बसे आणि मुलीची वाट बघे. कधी वाट बघून कंटाळली की मुलीला शोधायला थेट रस्त्यावर जाई. शेजारच्या काकू तिला हात धरून परत आणत. हे मला कसे कळले? ताई खोलीत येऊनच काकूंना फोन करत असे. बाहेर बोलायला तिला संकोच वाटे आणि आमच्यापैकी कुणी चहाडी करणार नव्हते.

शेवटी ताईने प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांना घरून काम करू द्या म्हणून विचारले. डॉक्टर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा आपल्या सूक्ष्मदर्शकापलीकडे कशावर विश्वास नव्हता.

"ठीक आहे, लावा तुमची डबी," ते दारातूनच म्हणाले. "पण एक सांगतो. सर्व्हर अडला म्हणून या खोलीत एकदा जरी कुणाला यावं लागलं, तर ही सोय बंद. मग तुम्ही रोज इथे यायचं. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"चालेल, सर," ताई म्हणाली. तिचा हात माझ्या झाकणावर होता.

त्या दिवशी सर्व्हरांची आणि माझी ओळख झाली. ताईने प्रत्येक सर्व्हरला माझी एक तार स्क्रीनच्या जागी आणि एक कीबोर्ड-माउसच्या जागी लावली. प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नाव लिहून लावले. तिसऱ्या सर्व्हरने नखरे केले. आपल्याला स्क्रीनच लावलेला नाही असे धरून तो काळे तोंड करून बसला. ताईने त्याची समजूत काढली. मग माउसचा गोंधळ सुरू झाला. ताईचा हात एका बाजूला आणि सर्व्हरवरचा बाण भलतीकडे. "अगं, सरळ चाल की," ती मलाच म्हणाली. मी तरी काय करणार? माझ्यात एक सेटिंग बदलायचे होते. ते तिला सापडले आणि बाण तिच्या बोटामागे मुकाट चालू लागला. जुने स्क्रीन आणि कीबोर्ड तिने बांधून तळघरात पाठवले.

आता एकच तार राहिली होती, माझी बाहेर बोलायची. चौथा सर्व्हर म्हणजे आमचा दरवान. प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी आणि आत येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या हातून जाई. त्याच्या आतल्या, म्हणजे प्रयोगशाळेकडच्या, बाजूला निळी तार खोचून ताईने मला तपासले, कारण ते जवळ होते. खरे तर तिने माझ्यासाठी वेगळी छोटी इंटरनेट लाइन घेतली होती. तिची लाल तार भिंतीवर लोंबत होती. तपासून झाले की हिला काढायचे आणि लाल लावायची, असे ती पुटपुटलीही. तेवढ्यात काकूंचा फोन आला. आई पुन्हा रस्त्यावर गेली होती आणि अजून सापडली नव्हती. ताई होती तशी धावत सुटली.

आई सापडली. तार मात्र राहून गेली. दुसऱ्या दिवसापासून ताई घरून काम करू लागली. तिला चारही सर्व्हर माझ्यातून लख्ख दिसत होते, त्यामुळे तार कुठे आहे याचा तिला विसर पडला. माझ्याशी बोलायचे ते ती दरवानामार्फतच बोलत होती. आणि कधी दरवानच पडला तर त्याला उठवायला मला हाक कोण मारणार? खोलीची किल्ली खोलीतच ठेवून दार ओढून घ्यावे, तसे झाले होते.

तरी दिवस छान गेले. ताईची बोटे मी ओळखायला लागले. सकाळी भरभर चालत, दुपारी मधेच थांबत. थांबली की मी समजायची, आईने काहीतरी विचारले असणार. सर्व्हर कधी अडलाच तर ताई दोन कळा दाबून त्याला मार्गावर आणी. डॉक्टरही एकदा दारातून डोकावून म्हणाले, "बरी आहे की तुमची डबी." मित्रांनो, मी फुशारले नसते तर नवल.

मग एका सकाळी दिवे लुकलुकले. दरवान बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि मधेच थांबला. त्याच्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. घड्याळ चुकले आहे, पुढे जायचे तर एफ-वन दाबा, असे स्क्रीनवर लिहून तो स्वस्थ उभा राहिला. फक्त एक कळ, आणि ती दाबायला मी समोर हजर होते. पण दाब म्हणून सांगणारी ताई दरवानाच्या पलीकडे अडकली होती. तपासण्या होत होत्या, रिपोर्ट कुणाला जात नव्हते. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

दार उघडले आणि मोठे डॉक्टर स्वतः आत आले. त्यांच्या फोनमधून ताईचा आवाज येत होता. त्यांनी फोन माझ्या झाकणावर ठेवला.

"काळ्या डबीच्या मागे निळी तार आहे, सर," ताई म्हणाली. "ती काढा. भिंतीवर लाल तार लोंबतेय, ती तिथे खोचा. टक् असं वाजेल."

"थांबा, सगळ्याच तारा सारख्या दिसतायत." डॉक्टर गुडघ्यांवर बसले.

फोनमधून दुसरा आवाज आला, म्हातारा आणि काळजीचा. "माझी मुलगी आली का हो?"

"येईल हं, आई. वाटेत आहे," ताई म्हणाली. मग पुन्हा, "मिळाली का, सर?"

"मिळाली." निळी तार निघाली. लाल खोचायला डॉक्टरांना वेळ लागला, आणि तेवढ्यात तोच प्रश्न दोनदा आला. दोन्ही वेळा ताईने पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर दिले. तार टक् वाजली, माझा दिवा लागला आणि ताईच्या बोटाची कळ माझ्यापर्यंत आली. मी ती दरवानावर दाबली. दरवान घुमू लागला.

"झालं, सर. आता रिपोर्ट जातील," ताई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. पण तिचे बोलणे संपले नव्हते. "ती तार मी त्या दिवशीच बदलायला हवी होती. तुम्हाला यावं लागलं. ठरल्याप्रमाणे उद्यापासून मी येते. आईसाठी बघते कुणीतरी."

 डॉक्टर अजून खालीच बसले होते. फोनमध्ये खसफस झाली. आईने फोन घेतला असावा.

"कोण, साहेब का?" ती म्हणाली. "माझी मुलगी तुमच्याकडेच असते ना? सकाळची गेलीय. जेवली पण नसेल. तिला आज जरा लवकर सोडता का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि कोटाला पुसला. पुसून झाल्यावरही तो हातातच राहिला.

"सोडलंय, आई," ते म्हणाले. "आत्ताच सोडलंय तिला. पोचलीच असेल बघा."

"आणि उद्या?"

"उद्यापण घरीच राहील. रोजच. तुम्ही रस्त्यावर नका जाऊ शोधायला."

 मग आईचा आवाज आला, फोनपासून लांब वळलेला. "अगंबाई, आलीस का गं?"

"आले, आई," ताई म्हणाली.

त्यानंतर ताईने कित्येक वर्षे घरूनच काम केले, आई असेपर्यंत आणि नंतरही. पुढे नवे सर्व्हर आले. त्यांच्या पोटातच माझ्यासारखे डोळे आणि हात बसवलेले असतात, म्हणून मी आता कपाटाच्या खालच्या खणात आहे. धूळ बसली आहे, पण त्याची तक्रार नाही.

मागणे एकच आहे, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी तुमची वाट बघत असेल, तर दारातून आत शिरताच चपला काढायच्या आधी 'आलो' किंवा 'आले' म्हणत जा. आणि तुम्ही समोर बसलेले असूनही ते माणूस तुमची वाट बघत असेल, तर पुन्हा म्हणा.