होसियत-बीबीचा मुनिसक

"अजून आहे मी," होसियत-बीबी दारातूनच म्हणाली. "शोरबा आणला असशील तर ठेव आणि जा."

आमचे हे हातात भांडं धरून तसेच उभे. नजर बीबीच्या खांद्यावरून आत, भिंतीशी ठेवलेल्या पेटीवर. मी मागून त्यांच्या बाहीला हिसका दिला. आजाऱ्याला भेटायला गेलेल्या माणसाने निदान आजाऱ्याकडे तरी बघावं!

"खोकला कसा आहे, बीबी?" ह्यांनी विचारलं.

"बरा आहे. तुला वाईट वाटेल, पण बरा आहे."

त्या पेटीत बीबीचा मुनिसक होता. आमच्या बुखाऱ्यात जुन्या काळी मुलीला माहेराहून हा पायघोळ रेशमी झगा मिळायचा, काखेत चुण्या घातलेला. ती गेली की तोच तिच्या जनाज्यावर पांघरायचा, आणि दफन झालं की मयताला आंघोळ घालणाऱ्या बाईला द्यायचा. जनाज्यावरचं वस्त्र ज्या घरातून गेलं त्या घरात परत येत नाही. आता असे झगे कुणी शिवत नाही, आणि ज्यांच्याकडे होते त्यांचे कधीच जनाज्यांबरोबर गेले.

हे तेव्हा घरोघर गॅसचे मीटर वाचत फिरायचे. एका वसंतात बीबीने मुनिसक दोरीवर ऊन द्यायला टाकला होता. लाल, पिवळे, निळे रंग ढगांसारखे एकमेकांत विरघळलेले. हे मीटरचा आकडा न घेताच घरी आले. बीबीला त्या महिन्यात गॅस फुकट मिळाला आणि मला सवत मिळाली.

ही सवत काही पहिली नव्हती. जुन्या टोप्या, घोड्याच्या झुली, पाळण्यावरची वस्त्रं, पोचे आलेल्या तांब्याच्या किटल्या, सगळ्यांनी घर भरलेलं. उन्हाने रंग उडतो म्हणून खिडक्यांवर जाड पडदे आणि कसर लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात तंबाखूची पानं. पाहुणे उंबऱ्यातच आवाज खाली आणत. त्यांना वाटायचं, घरात कुणी गेलंय.

मुनिसक विकायला बीबीने साफ नकार दिला. "मग मी काय उघडी जाऊ वर?" म्हणाली. तेव्हा ह्यांनी दुसरी वाट धरली. आमच्या मोहल्ल्यात मयताला आंघोळ ताजिनिसा घालते. ती बाजारातून निघाली रे निघाली, की हे तिची खरबुजं उचलायला पुढे. बायका मला तंदूरपाशी गाठून विचारायच्या, "मुकर्रम, तुझा नवरा त्या बाईच्या मागे काय फिरतो गं? कुणाची घाई झालीय त्याला? तू आपली जपून राहा हो!"

शेवटी ताजिनिसाच्या घरी नवाकोरा फ्रिज पोचला. बीबीनंतर मुनिसक तिच्याकडे जाणार, आणि तिच्याकडून आमच्याकडे येणार, असं ठरलं.

"अहो, पण फ्रिज आत्ताच कशाला दिलात?" मी म्हटलं.

"अगं, उद्या ती दुसऱ्या कुणाला शब्द देऊन बसली म्हणजे?"

"आणि बीबी शंभरी गाठून बसली म्हणजे?"

"गाठू दे. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो," हे म्हणाले, पण इतक्या पडेल आवाजात की मी त्यांना चहा करून दिला.

मोहल्ल्यात गुपित टिकत नाही. त्या उन्हाळ्यात बीबी रोज काठी टेकत ताजिनिसाकडे जायची, जर्दाळूचं गार सरबत प्यायची आणि परतताना आमच्या दारात थांबून ओरडायची, "एर्गश! माझ्या मयताचा फ्रिज झकास चालतो रे! बर्फसुद्धा होतो!"

हे लाजून पडद्याआड जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोरबा घेऊन तिच्या दारात. जाता जाता तिचं छप्पर लिंपून झालं, चष्म्याची दांडी बसवून झाली, तिची म्हातारी शेळीसुद्धा ह्यांनीच डॉक्टरकडे नेली. शेळी झग्याच्या सौद्यात नव्हती, हे मी सांगून पाहिलं. आमच्या शोरब्यावर बीबी अशी टुणटुणीत झाली की तिच्या गालांवर लाली आली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

बीबी गेली शरदात, खडीसाखर तोंडात धरून चहा पिता पिता. हे रडले. अगदी मुसमुसून रडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला ते ढोंग वाटेल. जनाजा निघाला आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. हे धावत घरात आले, छत्री घेतली आणि कबरस्तानापर्यंत ती जनाज्यावर धरून चालले. स्वतः चिंब भिजले. लोक गहिवरले. "पोटचा मुलगा असं करणार नाही," म्हणाले. लाल रंग भिजला की पिवळ्यात उतरतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

ताजिनिसाने शब्द पाळला. मुनिसक घरी आला. हे नमाजाला धुवावेत तसे हात धुऊन पेटी उघडायचे, नुसते बघायचे आणि झाकण लावायचे. माणूस इतका सुखी झालेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला खरं तर त्याचा रागच आला होता.

थंडी सरत आली होती, वारा सुटला होता, तेव्हा ताजिनिसा दारात आली.

"ओयगुल गेली," ती म्हणाली.

ओयगुल आमची गल्ली झाडायची. कुठल्याशा गावाहून आलेली, मागेपुढे कुणी नाही. तिच्या झाडूच्या आवाजाने आम्हाला जाग यायची, तेवढाच तिचा आमचा संबंध.

"जनाज्यावर घालायला तिच्याकडे काही नाही," ताजिनिसा म्हणाली. "शेजाऱ्यांनी ब्लँकेट दिलंय. वाघाचं."

"वाघ?" हे ताडकन उठले. "मयतावर वाघ?"

"मऊ आहे तसं. चिनी आहे. डोळे जरा मोठे आहेत वाघाचे."

"आपा, तुम्ही वेड्या झालात का? थांबा. मी देतो काहीतरी."

हे पेट्या उघडू लागले. ताजिनिसाने काही मागितलं नव्हतं.

"ही... ही घोड्याची झूल. बाईमाणसावर झूल कशी घालणार?" ती बाजूला गेली. "हे पाळण्यावरचं. हे लहान पोराचं, शोभायचं नाही. हा पुरुषाचा चोगा. ही दारावरची पट्टी..." एकेक वस्त्र नावानिशी बाजूला पडत गेलं. दुसरा कुणी असता तर त्यातलं सर्वात लांब फडकं देऊन मोकळा झाला असता. कोण बघायला आलं होतं? पण कुठलं कापड कशासाठी विणलंय हे ह्यांनी जन्मभर शोधलेलं. आता ते विसरायचं कसं?

शेवटी एकच पेटी राहिली. हे तिच्यासमोर बसून राहिले. मग उठले, हात धुतले.

माझा जीव तुटला. त्या झग्याला मी काय काय बोलले होते! "अहो, तो परत येणार नाही," मी म्हटलं.

"मला सांगतेस?" हे म्हणाले.

ओयगुलच्या खोलीपुढे मोजकीच माणसं होती. ह्यांनी वाघ काढून घडी घालून ठेवला आणि मुनिसक स्वतःच्या हाताने पांघरला. बाह्या सारख्या केल्या, चुण्या मोकळ्या केल्या. धूळ उडत होती, थेट रेशमावर बसत होती. त्यांनी ती झटकली नाही.

ताजिनिसा हळूच म्हणाली, "एर्गश-अका, माझ्याकडे आणखी एक फ्रिज ठेवायला जागा नाही हो. दफनानंतर तसाच घेऊन जा."

"मला नको आता. तुमच्याकडेच ठेवा. अशीच कुणी असली, तर तिच्यासाठी."

तिने ओढणीने डोळे पुसले. आयुष्यभर मयतं धुणारी बाई ती.

इमाम आले. त्यांनी विचारलं, "घरचं कोण?"

आमच्यात मयताच्या घरचा पुरुष चोग्यावरून कमरेला मोठा चौकोनी रुमाल बांधतो आणि जनाज्यापुढे चालतो. सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाऱ्याने वाघाच्या ब्लँकेटचं टोक फडफडत होतं.

"मी आहे," हे म्हणाले.

खिशातून रुमाल काढून त्यांनी कमरेला गुंडाळला. गाठ काही बसेना. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून टोकं घेतली आणि गाठ नीट, घट्ट मारून दिली.